म्हशीचा फैसला

जगातलं सगळ्यात भारी गाणं कोणतं, याचा फैसला आमच्या घरी म्हशीनं केला.

आमचं गाव पालमपासून बैलगाडीच्या अंतरावर. माझं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा धाकट्या दिरानं, म्हणजे दिलीपभावजींनी, परभणीहून टेपरेकॉर्डर आणला. तोवर घरात फक्त रेडिओ होता. रेडिओ देईल ते गाणं निमूट ऐकायचं, नाही आवडलं तर कान खाजवायचा. टेप आला आणि निवड आपल्या हातात आली. ज्या घरात भाजी कोणती करायची यावर कधी एकमत झालं नाही, तिथं गाण्यावर काय होणार?

"गाण्याला आर्थ पायजे," मामा म्हणाले. मामा म्हणजे माझे सासरे. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे घरातल्या प्रत्येक भांडणाचा फैसला करायची त्यांना भारी हौस. "सकाळी ऐकलेलं दुपारी औत हाणताना आठवलं पायजे. ते गाणं!"

"अर्थ नाही, चाल!" आमचे हे म्हणाले. (हे शाळेत मास्तर. समोर फळा नसला तरी बोट फळ्यावर ठेवल्यासारखं हवेत धरून बोलतात.) "ऐकता ऐकता हातातला चहा थंड झाला पाहिजे. ते खरं गाणं."

"मंग तुमच्या गप्पांनी रोजच थंड व्हायलाय की," सासूबाई म्हणाल्या.

"दादा, दुनिया कुटं चालली!" दिलीपभावजी उसळले. "पालमच्या स्टँडवर हॉटेलात दिवसभर एकच गाणं वाजायलंय. गाडी सुटायली तरी लोकं उठंनात. आता सांगा, भारी कोणतं?"

भावजींचं ते गाणं म्हणजे एक माणूस 'हू हू' म्हणायचा, मागून बायका 'हा हा' म्हणायच्या आणि मधे कुणीतरी पत्र्याची बादली जिन्यावरून सोडून द्यायचं. शब्द असावेत. मला सापडले नाहीत.

"बाई, तुमाला कोणतं आवडतं?" मी सासूबाईंना विचारलं.

"लवकर सपतं ते."

वाद थांबेना. मामा अर्धं औत सोडून घरी यायचे, का तर त्यांना नवा मुद्दा सुचलेला असायचा! हे शाळेची घंटा झाली तरी ओसरीवर बोट धरून उभे. शेवटी मीच मधे पडले. मला वादाचं काही नाही, पण कामं अडलेली बघवत नाहीत.

आमच्या म्हशीचं रेडकू नुकतंच गेलं होतं. तेव्हापासून ती पान्हा चोरायची. कितीही चुचकारा, कास चोळा, आंबोण पुढं ठेवा, चहापुरतं दूध देऊन उपकार केल्यासारखी बघायची. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे धार काढणं माझ्याकडे.

मी म्हटलं, "ज्याच्या गाण्यानं ही पान्हा सोडील त्याचं गाणं भारी. बाकीच्यांनी तोंड मिटून आपापल्या कामाला लागायचं."

हसतील असं वाटलं होतं. पण मामा गंभीर झाले. "बराबर हाय. माणूस बेइमानी करील, म्हैस न्हाई करत."

झालं! रोज एकाचं गाणं. पहिला मान मामांचा. भक्तीचं, अर्थानं ओथंबलेलं गाणं लागलं. म्हशीनं शांतपणे ऐकलं आणि शेण टाकलं.

"आर्थ कळाला तिला," भावजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ह्यांचं. नायक प्रेयसीच्या आठवणीत इतका रडत होता, की म्हशीच्याही डोळ्यांतून पाणी आलं. ("बघा!" हे ओरडले. माश्या होत्या.) पण दुधाचा थेंब नाही.

तिसऱ्या दिवशी 'हू हू, हा हा'. पहिली बादली जिन्यावरून गडगडली तशी म्हैस एकदम ढिली पडली. कास भरून आली, धार चरवीत वाजायला लागली, वर फेस! मी आयुष्यात इतकं सोपं काम केलं नव्हतं.

"हिला सरकीची पेंड चारली यानं!" मामा कडाडले. "हा फैसला मला कबूल न्हाई!"

म्हशीला मात्र कबूल होता. ती इतकी पक्की झाली की त्या गाण्याशिवाय थेंब देईना. दोन्ही वेळा गोठ्यात टेप लावायचा, मग मी चरवी घेऊन बसायची. वाद मिटला, घर कामाला लागलं. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

मग वंदनाला पाहायला पाहुणे यायचं ठरलं.

वंदना माझी नणंद. मुलगा सेलूचा, बँकेत कारकून. वंदनानं त्याला एका लग्नात जेवण वाढताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून बाकीच्या सगळ्या स्थळांची नाकं तिला वाकडी दिसायला लागली होती. हे जमलं नाही तर मी लग्नच करत नाही, असं तिनं मला चुलीपुढं बसून सांगितलं होतं. अडचण एकच होती, मुलाचे काका. त्यांनी देवगाव फाट्याकडची एक चांगली मुलगी चहा पातळ होता म्हणून नाकारली होती!

"वहिनी, चहा घट्ट पाहिजे हं," वंदना सकाळपासून माझ्यामागं.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं येणार होते. भावजी त्यांना घ्यायला म्हणून दुपारीच आमच्या गावच्या फाट्यावर जाऊन बसले. पाहुणे जीप करून दुसऱ्याच वाटेनं भर उन्हात दारात! सकाळचं दूध तापवायला ठेवलं, ते नासलं. गल्लीचं दूध पहाटेच डेअरीला गेलेलं. आणि चहा घेऊन येते ती मुलगी, ही आमच्याकडची रीत. चहा नाही तर वंदना बाहेर येणार कशी? काय, रिकामी बशी घेऊन?

"वहिनी..." वंदनानं पदर डोळ्यांना लावला.

"रडू नका वन्सं, पावडर उतरंल," मी म्हटलं, चरवी उचलली आणि टेप घेऊन गोठ्यात गेले. अंगावर लग्नातला शालू, कारण बदलायला वेळ कुठला?

बटण दाबलं. 'हू हू' सुरू झालं. म्हैस ढिली पडली. दोन धारा आल्या आणि टेप रडायला लागला. भावजींनी सकाळभर गल्लीला गाणी ऐकवून सेल संपवले होते! 'हूऽऽऽ हूऽऽऽ' असा आवाज खाली खाली जात इतका जाड झाला, की म्हशीनं वळून पाहिलं, कुणी माहेरचं आलंय का म्हणून. मग टेप बंद. मग दूध बंद.

आता मी बेसुरी आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. हरतालिकेला बायका मला आरतीच्या वेळी मुद्दाम खिरापत आणायला आत पाठवतात. पण वंदनाचं तोंड आठवलं. मी इकडंतिकडं पाहिलं आणि सुरू केलं, "हू हू... हा हा..."

म्हशीनं कान उभे केले. विचार केला. आणि सोडला पान्हा!

ओसरीवर काय झालं ते मला नंतर कळलं. काकांनी कान टवकारले. "हे कोण गायलंय?"

"रेडिओ हाय," मामा म्हणाले.

तेवढ्यात म्हशीनं पाय झाडला आणि मी ओरडले, "पाय हलीव आता, हलीवच! तंगडी मोडून हातात देईन! हू हू, हा हा..."

"तुमच्याकडं रेडिओ लय तापट दिसतो," काका म्हणाले आणि उठलेच. त्यांच्यामागं मुलगा, मुलाची आई, मामा, हे, अशी सगळी मिरवणूक गोठ्याच्या दारात.

पाहुण्यांसमोर उठून उभं राहायचं, वाकून नमस्कार करायचा, हे मला कळतं. पण थांबले तर म्हैस थांबणार. म्हणून डोक्यावर पदर, गुडघ्यांत चरवी, आणि प्रत्येक 'हू'ला मान लववून मी एकेका पाहुण्याला नमस्कार करत होते. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"हे काय चाललंय?" काकांनी विचारलं.

मी उत्तर देऊ शकत नव्हते. मामांनी दिलं. सगळंच सांगितलं. गाण्याचा वाद, परीक्षा, सरकीची पेंड, सगळं! मला वाटलं, गेलं स्थळ.

"चूक!" काका गरजले. "परीक्षाच चूक! भारी गाणं म्हणजे बसल्या जागी माणूस घरी पोचला पायजे. ढोराला काय, ते घरीच असतं!"

"मी तेच म्हणायलोय!" मामांनी त्यांचा हातच धरला. "आर्थ पायजे!"

"अर्थ नाही हो, चाल..." ह्यांनी डोळे उघडून बोट वर केलं.

तिघं तिथंच, शेणात उभे राहून भांडायला लागले. मी धापा टाकत 'हू हू' म्हणत होते, दम संपत आला होता, चरवी अर्धी. तेवढ्यात मुलगा पुढं आला, दावणीशी उभा राहिला आणि माझ्या 'हू हू'मागं खणखणीत आवाजात म्हणाला, "हा हा!"

म्हैस इतकी खूश झाली की चरवी काठोकाठ भरली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वंदना हे सगळं पाहत होती. पावडर उतरली होती, पण आता हसून.

चहा इतका घट्ट झाला की काकांनी दोनदा घेतला. मुलीला काय येतं, काय येत नाही, हे विचारायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. वाद रंगला होता ना! मुलानं तेवढं विचारलं, "तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?"

"दूध देतं ते," वंदना म्हणाली. आमच्या घरची पोरगी!

लग्न जमलं. थाटात झालं. निघताना वंदनानं सोन्याचं काही मागितलं नाही, फक्त टेपरेकॉर्डर मागितला. सगळ्यांनी कौतुकानं दिला. म्हशीचं काय, हा विचार माझ्याशिवाय कुणी केला नाही. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ, पावसाळा असो की उन्हाळा, गोठ्यात मी गात होते. गल्लीतल्या बायका धारेच्या वेळी दारं लावून घ्यायच्या.

पुढल्या वर्षी म्हैस आटली. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालं.

दिलीपभावजी अजूनही सगळ्यांदेखत सांगतात, "वय कशाचं वहिनी! दूध बंद केलं की तुमचं गाणं बंद होतं, हे तिला कळायला वर्ष लागलं. आमाला पहिल्याच दिवशी कळालं, पण आमच्याकडं बंद करायला काय होतं?"