सातवा पोपट

इथले अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचत आलेय. कधी कॉमेंटसुद्धा केली नाही. खरं सांगायचं तर वाचून हसायचे. मी आधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. स्लाइडवर जे दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, हे अंगात भिनलेलं. दृष्ट, बाधा, संकेत असल्या गोष्टींना आमच्या घरात थाराच नव्हता. लिंबू-मिरचीसुद्धा मी दारावर कधी बांधली नाही.

या अनुभवात भूत नाही, हे आधीच सांगते. भीती वाटावी असंही काही नाही. जे आहे त्यातलं बरंचसं माझ्याविषयीचं आहे, आणि ते फारसं चांगलं नाही.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहतो. मी आणि संदीप, माझा नवरा. तो अंबडला एका कंपनीत आहे. सहा वर्षांपूर्वी मी लॅब सोडली आणि घरीच कापडी दागिने करायला लागले. खणाचे कानातले, इरकलीच्या काठाचे हार, दोरा गुंडाळलेल्या बांगड्या. बाल्कनीला काचा लावून तिथे टेबल टाकलं. सुरुवात बरी झाली. एक्झिबिशनमध्ये लोक ओळखायला लागले — ‘त्या खणवाल्या मॅडम’.

चार वर्षांपूर्वी आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये रूपाली राहायला आली. माहेर-सासर दोन्ही घोटीचं, सासरी भाताची गिरण. मुलांच्या शाळेसाठी नाशिकला आलेली. दोन मुलं, सासू, येणारे-जाणारे... घर कायम भरलेलं. दुपारी दोन्ही मुलं शाळेत गेली की ती वर यायची आणि माझ्यासमोर बसून बघायची. एक दिवस म्हणाली, “ताई, मलापण शिकवा ना. हात रिकामा असला की जीव रमत नाय.”

मी शिकवलं. मनापासून शिकवलं, तेव्हा तरी. मी डावखुरी आहे, त्यामुळे तिला शेजारी न बसवता समोर बसवायचे, म्हणजे तिला माझा हात आरशातल्यासारखा बरोबर दिसायचा. टाका घालायला तिला दोन महिने लागले. बोटं नुसती टोचून घ्यायची आणि हसायची.

आणि मग वर्षभरात ती माझ्या पुढे गेली.

दागिन्यांत नाही. तिनं सासरच्या माळ्यावरचं सामान आणलं. तुटक्या सुपाचं घड्याळ केलं. फुंकणीत बल्ब बसवून लॅम्प केला. तांदूळ मोजायच्या मापट्यात छोटी निवडुंगं लावली. पितळी पळ्या ओळीनं ठोकून किल्ल्या अडकवायचा स्टँड केला. मला ते बघून आधी हसू आलं होतं. पण एक्झिबिशनमध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी लागली, तेव्हा माझ्या टेबलासमोर कुणी थांबेना. मुली माझ्या कानातल्यांवरून नुसता हात फिरवायच्या आणि नजर तिच्या टेबलाकडे. “किती क्यूट आहे हे... तुम्हाला सुचतं कसं?” रूपाली लाजून म्हणायची, “मला कुठं काय येतं, सगळं ताईंनी शिकवलंय.” ते ऐकून तर मला जास्तच राग यायचा. तिनं मिरवलं असतं तर निदान नाव तरी ठेवता आलं असतं.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, इथे सांगते. तिनं एकदा कापडी कानातले करायला घेतले आणि मला विचारलं, मागची पट्टी चिकटवायला कुठला ग्लू आणू. मला चांगला माहीत होता. मी दुसऱ्याच, फालतू ग्लूचं नाव सांगितलं. पुढच्या महिन्यात बायका निघालेल्या पट्ट्या घेऊन परत आल्या. रूपाली म्हणाली, “माझाच हात कच्चा हाय, ताई.” मी मान डोलावली.

आता मुख्य गोष्ट.

मागच्या राखीच्या आधी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये शनिवार-रविवार एक्झिबिशन होतं. शनिवारी सकाळी दहा-साडेदहाची वेळ. मी माझे हार मांडत होते. शेजारी रूपाली खोक्यातून एक-एक वस्तू काढून स्टँडला टांगत होती. तिनं शेवटची वस्तू काढली आणि माझ्या हातातला हार खाली पडला.

भरतकामाच्या लाकडी रिंगला टांगलेले कापडी पोपट. हिरव्या कापडाचे, लाल चोचीचे. सात. रिंगला दोरे मात्र नऊ होते, शेवटचे दोन रिकामे लोंबत होते. आणि सातव्या पोपटाला एकच डोळा होता.

हे कळायला तुम्हाला अकरा वर्षं मागे यावं लागेल. तेव्हा आम्ही सिडकोत भाड्यानं राहायचो. मला दिवस गेले होते. पाळण्यावर टांगायला मी असेच पोपट करत होते, आईच्या जुन्या हिरव्या साडीचे. महिन्याला एक, असे नऊ करायचे ठरवले होते. नऊ दोरे आधीच बांधून ठेवले होते. सातव्या महिन्यात, एका दुपारी सातव्या पोपटाचा एक डोळा शिवून झाला, दुसऱ्यासाठी सुईत दोरा ओवला आणि पोटात कळ आली. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी होती.

पुन्हा मूल झालं नाही.

हॉस्पिटलमधून आल्यावर ते पोपट मी बघितले नाहीत. आई सिन्नरला घेऊन गेली. ते कसे होते हे मला, आईला आणि थोडंफार संदीपला माहीत. फोटो काढला नव्हता. मला मूल झालं होतं हेच या बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नाही. रूपालीलाही नाही.

मी तिला विचारलं, “हे कुठे बघितलंस?”

ती म्हणाली, “बघितलं नाय कुठं. असंच सुचलं.”

“असंच?”

“आवडलं नाय का, ताई?”

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? चमत्कार वगैरे नाही. मला वाटलं, हिनं चोरलं. कपाट उघडलं, मोबाइल बघितला, आईशी बोलली... काहीतरी केलं. माझं एवढं एकच उरलं होतं, तेही हिनं उचललं आणि आता लोक “किती वेगळं” म्हणणार. अंगाची अशी आग झाली की सांगता येत नाही.

तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांना कॅफेच्या भिंतीला लावायला काहीतरी हवं होतं. रिकामे दोन दोरे बोटानं हलवत म्हणाल्या, “हे मुद्दाम ठेवलेत ना? मस्त आयडिया आहे. हे द्या.”

मी मध्येच म्हणाले, “विकलं गेलंय ते.”

रूपालीनं माझ्याकडे बघितलं. मग त्या बाईंना म्हणाली, “हो, बुक झालंय. तुम्ही घड्याळ बघा ना.” तिनं मला कारण विचारलं नाही. पोपट काढून परत खोक्यात ठेवले.

मी बाहेर जाऊन आईला फोन लावला. पोपट कुठे आहेत, विचारलं. आई म्हणाली, “ते मी त्याच वर्षी बंबात घातले. माझ्या हातानं. तुला सांगितलं नव्हतं.”

“कुणाला दिले नव्हतेस ना? नक्की?”

“अगं, दुसऱ्याच्या लेकराच्या पाळण्यावर कशी देईन मी ते?”

दुसऱ्या दिवशी आई एसटीनं आली. संदीपनं तिला द्वारका चौकातून स्कूटरवर थेट हॉलमध्ये आणलं. रूपालीनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी खोकं उघडून पोपट आईच्या मांडीवर ठेवले. आईनं चष्मा पुसून घातला. कापड चाचपलं. “ही माझी साडी नव्हे,” म्हणाली. “हे कापड नवं आहे.” मला हुश्श झालं. म्हणजे निदान हे ते पोपट नव्हेत.

मग आईनं एक पोपट उलटा केला. पोटाच्या कडेला घातलेल्या तिरक्या टाक्यांवरून नख फिरवलं. सहाव्याला बघितलं, सातव्याला बघितलं. आणि मला म्हणाली, “कापड माझं नाही. पण टाके तुझे आहेत.”

ज्यांनी हातानं शिवलंय त्यांना कळेल. उजव्या हाताच्या माणसाचे टाके एका बाजूला कलतात, डावखुऱ्याचे दुसऱ्या. लपवता येत नाही. मी रूपालीच्या टेबलावरच्या दुसऱ्या सगळ्या वस्तू उलटून बघितल्या. उशीचे अभ्रे, कापडी तोरण. सगळे टाके उजव्या हाताचे. फक्त सात पोपटांचे डाव्या हाताचे. मध्येमध्ये दोन टाके जवळ-जवळ घालायची माझी एक वाईट खोड आहे, तीसुद्धा होती.

रूपाली घाबरली. “ताई, चुकलं का माझं काही?”

“कधी केलेस हे?”

“मागच्या महिन्यात. दुपारचे. कुकर लावला होता, पोरं शाळेत होती. सासूबाईंच्या ब्लाउजचा हिरवा तुकडा उरला होता. एक झाला, मग वाटलं अजून करू. रोज दुपारी एक व्हायचा.”

“दोरे नऊ का बांधलेस?”

“नऊच करायचे होते.”

“मग?”

तिनं सातवा पोपट हातात घेतला. “सातव्याला एक डोळा शिवला. दुसरा शिवायला गेले तर दोरा तुटला. परत ओवला, परत तुटला. आणि ताई... पोटात अशी कळ आली की मी खालीच बसले. धाकट्याच्या वेळेला आली होती ना, तशी. पाच मिनिटांत गेली. पण मग हात लावू वाटेना. दोन दिवस तसंच पडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, टाकून दे. मला टाकवेना, तसंच इथं घेऊन आले.”

आई खुर्चीत मान खाली घालून बसली होती. संदीप बाजूला उभा राहून उगाच मोबाइल बघत होता. तिथेच, त्या हॉलमध्ये, आजूबाजूला लोक राख्या बघत असताना, मी रूपालीला सिडकोतली ती दुपार सांगितली. अकरा वर्षांत कुणाला स्वतःहून सांगितली नव्हती. चार-पाच वाक्यांतच संपली.

पोपटांना अडकवलेलं किमतीचं लेबल रूपालीनं सोडवलं, चुरगळून मुठीत धरलं, आणि रिंग माझ्या हातात दिली. “तुमचं हाय, ताई.”

नंतर मी सगळं तपासलं. जुनी सवय. रूपालीला घरी बोलावून डाव्या हातानं शिवायला लावलं. तिला धड चार टाके घालता येईनात, दोरा गुंतला, सुई पडली. ती दोन महिने माझ्या समोर बसून शिकली हे खरं, पण समोर बसून ती उजव्या हातानंच शिकली होती. संदीप म्हणतो, पोपट काय, पाळण्यावर सगळेच पोपट टांगतात, योगायोग असेल. नऊ दोरे? योगायोग. आणि टाके? तिथे तो विषय बदलतो. आई सिन्नरला जाऊन एका देवळात नारळ फोडून आली, मला न विचारता.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर लिहा, मी वाचेन. ‘बाळाचा आत्मा’ वगैरे मात्र लिहू नका, प्लीज.

रूपाली आणि मी अजून शेजारी-शेजारी टेबलं लावतो. ग्लूचं मी तिला नंतर सांगितलं. “मला वाटलंच होतं,” म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. सगळं मिटलं म्हणून तुम्हाला बरं वाटत असेल. माझं मिटलेलं नाही. उलट आता मला तिचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटतो. तिच्या घड्याळांचा, गर्दीचा नाही. ते सगळं तिला लखलाभ.

अकरा वर्षांत ती मुलगी माझ्या एकदाही स्वप्नात आली नाही. मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता, आठवायला काही नाही. कितीतरी दुपारी मी बाल्कनीत कापड घेऊन एकटी बसले असेन. घर शांत असायचं, हाताशी सुई असायची. तेव्हा काही झालं नाही. झालं ते खालच्या मजल्यावर, कुकरच्या शिट्ट्यांत, जिच्या घरात दोन मुलांची दप्तरं पडलेली असतात तिच्या हातून. ती कळसुद्धा तिला आली.

हे कसं झालं, हे मी हल्ली विचारत नाही. मी एवढंच विचारते की रूपालीकडेच का. माझे हात तर रिकामेच होते.