मालेगावची अजान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगते. पण आधी त्या रमजानात मी किती खुशीत होते ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नवा फोन आला होता ना हातात! काय नव्हतं त्यात? मक्केतली तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज, थेट आमच्या बोईसरच्या स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता. कुराणातल्या शब्दावर बोट ठेवलं की उच्चार ऐकू यायचा – लहानपणी ज्या अक्षरांसाठी मी मदरशात छडी खाल्ली, ती आता घशातून नीट उमटायला लागली होती. आम्ही बायकांनी ग्रुपवर पारे, म्हणजे कुराणाचे तीस भाग, वाटून घेतले, कुणी पालघरची, कुणी शिरगावची, आणि ईदच्या आत अख्खं कुराण वाचून काढायचं ठरवलं. मी तर हवेतच होते.

फुफीला मात्र यातलं काही नको. फुफी म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, आमच्याकडेच राहते. जन्म एडवणच्या किनाऱ्यावर गेला, त्यामुळे रोजा सोडायची वेळ ती आभाळ बघून सांगायची. मशिदीच्या भोंग्याचा आवाज हल्ली आमच्या इमारतीपर्यंत पोचत नाही, म्हणून मी अजानचं ॲप घेतलं होतं. चांगलंच केलं होतं ना?

ॲप चुकलं नाही. चुकले मी. रमजानच्या सुरुवातीला मी मालेगावला बहिणीकडे गेले होते, तेव्हा ॲपमध्ये तिथलं गाव टाकलं होतं. परत आले त्याच संध्याकाळची ही गोष्ट.

गच्चीवर आम्ही दोघीच. खजूर, पाणी, कापलेलं कलिंगड. फोनमधून अजान सुरू झाली – काय सुरेख आवाज होता तो! फुफीने खजुराला हात लावला नाही. कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघत म्हणाली, "अजून उजेड हाय, पोरी. थांब जरा."

मी हसले. म्हटलं, "फुफी, हे सॅटेलाइटवरून येतं. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

हे मी बोलले. तिने खजूर तोंडात टाकला. मीही टाकला.

मग फोन उचलला, तर वर नाव दिसलं – मालेगाव. तिकडे सूर्य आपल्याआधी मावळतो. इथे तो धुराड्यांमागे अजून दिसत होता. आमचा दोघींचा रोजा मोडला होता.

'चुकलं माझं फुफी, हा रोजा पुन्हा धरावा लागेल' – एवढंच तर म्हणायचं होतं. ती रागावलीही नसती. मी गुपचूप गाव बदललं आणि तिच्यापुढे कलिंगड सरकवलं. का? एका म्हातारीपुढे मला हरायचं नव्हतं, बस.

खरी लाज तर पुढे आहे. ईदनंतर मी माझा मोडलेला रोजा भरून काढला – हो, माझा तेवढा. घरी सांगितलं, शव्वाल महिन्याचा नफिल, म्हणजे खुशीचा जादा रोजा धरलाय. फुफी कौतुकाने बघत म्हणाली, "माजा यंदा एक बी रोजा नाय चुकला. अल्लाचं करम." मी मान हलवली.

हल्ली ती आभाळाकडे बघतच नाही. संध्याकाळ झाली की मला विचारते, "फोन काय बोलतो?" मी वेळ सांगते, आणि ती वेळ आता बरोबर असते. तो एक रोजा तिच्यावर अजून बाकी आहे, आणि तिला ते माहीत नाही.