डब्यातली बाई

"म्हातारी अजून जागी आहे," डब्यातली बाई म्हणाली. "थांबा, आता बोलायला लागेल."

घरात त्या वेळी दोनच माणसं होती. एक मी आणि दुसरा पाळण्यातला तान्हा नातू. त्याला बोलता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी तो आजीला म्हातारी म्हणाला नसता.

आखातातल्या खलिफा सिटीत तेव्हा नुकती वस्ती होत होती. आमच्या व्हिलाच्या एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला माझ्या मुलाचे, सुधीरचे, साहेब. पुण्याचे. त्या दुपारी बाहेर धूळ उठली होती. खिडकीतून पिवळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. सुधीर साईटवर, सून कामावर. सुनेने बाळाच्या खोलीत एक डबा ठेवला होता, त्याचा जोडीदार डबा माझ्याकडे. बाळ तिकडे रडलं की इकडे ऐकू येई. आणि आता इकडे बाई ऐकू येत होती. म्हणजे ती तिकडे बाळापाशी होती.

मी उलथनं आणि डबा घेऊन धावले. खोलीत कोणी नाही. बाळ गाढ झोपलेलं. पडदा हलत होता (एसीने, पण हे नंतर सुचलं). आणि माझ्या हातातला डबा हळूच हसला.

मी भुताला घाबरत नाही. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या, बाळावरून ओवाळल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन तव्यावर टाकल्या. खिडक्या बंद. भुताला काही झालं नाही, ठसका मलाच लागला. खोकत खोकत पाळण्यापाशी परत आले आणि विचारलं, "कोण गं तू? काय हवंय तुला या घरातून?"

डबा खरखरला. मग बाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अहो, ती माझ्याशी बोलतेय."

"बंद कर," एक पुरुष म्हणाला. "आधी ते बंद कर."

नवऱ्याला घेऊन फिरणारं भूत मी पहिल्यांदाच ऐकलं!

संध्याकाळी सुधीरला सांगितलं. तो हसत होता. मग मी त्या पुरुषाच्या आवाजाची नक्कल केली, तेव्हा तो खालीच बसला. तो आवाज त्याला रोज ऑफिसात ऐकू येत होता. साहेबांकडेही तान्हं मूल होतं आणि असाच डबा होता. त्यांचं बोलणं आमच्या डब्यात येत होतं, आमचं त्यांच्या.

"आई, तू बाळाशी काय काय बोलतेस?"

दुपारभर मला दुसरं होतं कोण? साहेब बायकोला विचारल्याशिवाय सही करत नाहीत, हे बोलले होते. बाईंच्या पुरणपोळ्या दाराला अडसर म्हणून लावता येतील, हे बोलले होते. आणि सुधीर साहेबांना न सांगता दुबईत दुसरी नोकरी बघतोय, हेही बोलले होते. पण बाळाला बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून.

नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की पाळण्यासकट सगळे विमानात. वर सुधीर म्हणाला, इथे दुसऱ्याचं खासगी बोलणं चोरून ऐकणं गुन्हा आहे. मी म्हटलं, मग पकडू देत त्यांना.

"तूही ऐकलंस, आई."

दुसऱ्या दिवशी साहेब आणि बाई पेढे घेऊन आले. सुधीर पाणी आणायला आत गेला तो बाहेर येईना. बाईंची नजर डब्यावरून हटत नव्हती.

"मावशी," साहेब म्हणाले, "आमच्या घरातलं काही ऐकू येतं का तुम्हाला?"

ऐकलं होतं एवढंच, की म्हातारी जागी आहे. पण मी म्हटलं, "सगळं."

बाईंचा रंग उडाला. साहेबांनी उचललेला पेढा परत ठेवला. "खलास, विषय संपला," ते म्हणाले. "तुम्ही काही ऐकलं नाही, आम्हीही काही ऐकलं नाही."

मी मान हलवली. पण त्या घरात असं काय बोलत होते, ते मला आजवर कळलेलं नाही. भिंतीपलीकडे जरा खुट्ट झालं की कान टवकारले जायचे. दुपारची झोप गेली ती गेलीच.

सुधीरची नोकरी टिकली. साहेब आणि बाई पुढे पुण्याला गेले. डबा कचऱ्यात गेला. म्हातारी अजून जागी आहे.