दौलतरावांचा रोबॉट

भिमाजीला दौलतराव सुपरवायझरची शिसारी यायची. त्याच्या तोंडातल्या पानाची, कडक इस्त्रीच्या पँटीची आणि सगळ्यांत जास्त त्याच्या इंग्रजीची.

भिमाजी थेरगावचा. छप्पन्न साली तो पिंपरीजवळच्या एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर लागला. वर्षभरात हात असा बसला, की अख्ख्या पाळीत एक डबा वाकडा निघत नसे. दौलतरावनं कुठल्याशा मासिकात ‘रोबॉट’ हा शब्द वाचला आणि तो भिमाजीलाच चिकटवला. “रोबॉट म्हणजे कळतं का रे? लोखंडी माणूस. पाणी मागत नाही, उलटून बोलत नाही. तुझ्यासारखा!” वर दर रविवारी या लोखंडी माणसानं त्याच्या चिंचवडच्या घरी फुकट सरपण फोडायचं. नोकरी कच्ची होती, नाही म्हणायची सोय नव्हती.

मग नवा प्रेस बसवायला चेकोस्लोव्हाकियाचा एक इंजिनियर आला. पाहुण्यापुढं दौलतरावनं भिमाजीच्या पाठीवर थाप मारली, “धिस इज माय रोबॉट!”

पाहुणा हसला नाही. गंभीरपणे इंग्रजीत बराच वेळ बोलला. दौलतराव नुसता ‘येस, येस’ करत राहिला. त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. शेवटी टाइमकीपर ज्योतीरामनं मराठीत सांगितलं, “शब्द त्यांच्याच भाषेतला आहे म्हणे. ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या रानात कुळांनी फुकट राबायचं, ती. त्यांच्याकडच्या एका नाटकवाल्यानं त्यावरनं नाटकातल्या बनावट कामकऱ्यांना नाव दिलं. या पाहुण्या साहेबांचा पणजाही वेठीला जायचा.”

भिमाजीचे हात थांबले. त्याच्या बापानं मामलेदाराच्या बिऱ्हाडाची ओझी पार सांगवीपर्यंत वाहिली होती, मिळाल्या त्या फक्त शिव्या. आणि हा दीडशहाणा अर्थ ठाऊक नसलेला शब्द मिरवत फिरत होता!

“म्हंजे साहेब,” तो दौलतरावला म्हणाला, “आमी वेठच करत व्हतो की तुमची. लोखंडाचं नाव कशाला घेता?”

त्या रविवारी तो चिंचवडला गेला नाही. सोमवारी दौलतराव खेकसला, “सरपण कोण फोडणार?”

“तुमाला हायेत की दोन हात,” भिमाजी म्हणाला. थुंकायचं तेवढं त्यानं टाळलं.

आठ दिवसांत त्याला प्रेसवरून उठवून पत्रा वाहायला लावलं. दौलतरावला वाटलं, येईल रडत. भिमाजी गेला नाही. तीन महिन्यांत त्याच्या प्रेसवर दुसऱ्याच्या हातून वाकड्या डब्यांचा ढीग लागला, तेव्हा मालकानंच त्याला बोलावून परत बसवलं.

दौलतराव आता त्या प्रेसजवळून मुकाट जायचा. भिमाजी मान वर करून बघतही नसे. बघण्यासारखं त्यात होतं तरी काय?