गाडीला बांधलेलं दावं

शैले, ये, सरक अशी जवळ. कागदातून का होईना, पण बस. दोन दिवाळ्या झाल्या, मावशीच्या दारात पाऊल नाही तुझं! फोनवर नुसतं "येते गं, येते गं." आता शिक्षा म्हणून हे सगळं वाचायचं, मधे उठायचं नाही.

तर, मी एकदा एक चारचाकी गाडी दाव्याने बांधून ठेवली होती.

हसू नकोस. आधी ऐक. आपल्या घरात वाख वळायचं काम तुला माहीतच आहे. बांधावरच्या घायपाताची पानं ठेचायची, धुवायची, की आतून निघतो तो पांढरा धागा म्हणजे वाख. त्याचे तीन पदर एका टोकाला खुंट्याला बांधायचे आणि दुसऱ्या टोकाला लाकडी फिरकी घेऊन पिळत पिळत मागं मागं सरकायचं. सासऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सूनबाई, घर पडलं तरी चालंल, पण टोक हातातून सोडायचं न्हाई. सगळा पीळ जातो." चाळीस वर्षं मी उलट्या पावलांनी चालतेय. (म्हणून तर माझी प्रगती अशी!)

आता दावी-कासरे कोण घेतं गं? बाजारात नायलॉनचा ढीग. म्हणून आमच्या मीरानं, सुनेनं, त्याच वाखाच्या पिशव्या विणायला घेतल्या. मी नाक मुरडलं. "बैलाची दावी सोडून बायांच्या पिशव्या?" पण पिशव्या अशा देखण्या झाल्या, की मी गुपचूप एक माझ्या ट्रंकेत टाकली.

त्यातच दिलीपनं, माझ्या लेकानं, सांगून टाकलं, "आये, औंदा ह्या पिशव्या खपल्या तर ठीक. न्हाई तर दसऱ्यानंतर मी आन मीरा ऊसतोडीला जातो. राणी राहील तुझ्यापाशी." राणी म्हणजे सहा वर्षांची नात. मीरा नुसती जोरात विणायला लागली.

आणि अंबाजोगाईहून एक मॅडम आल्या. मोठं दुकान त्यांचं. लिंबाखाली गाडी लावली ती नेमकी माझ्या खुंट्यावर! पिशवी उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाल्या, "दिसायला छान आहे. पण पिशवीचे हे बंद वजन पेलतील का?"

मी तापलेच! "मॅडम, ह्या वाखानं बैल बांधलेत आमी!"

"आत्या!" मीरा दबक्या आवाजात म्हणाली, "तुमी जा बरं, च्याचं आधन ठेवा."

आधन ठेवलं. पण राग काही उतरेना. राग आला की मी वळायला बसते. खुंट्यावर गाडी. मागं एक लोखंडी कडी दिसली, चांगली जाडजूड. म्हटलं, चहा घेतल्याशिवाय काही ह्या जात नाहीत, तोवर माझं दावं होतंय. बांधले तीन पदर कडीला आणि निघाले मागं मागं. बोळ संपला, वळणावरून गिरणीकडं गेले. तोंडानं पुटपुट चालूच, "वजन पेलतील का म्हणे!"

आणि मॅडम चहा न घेताच निघाल्या! आपल्या गावातून कुणी बिनचहाचं जातं का गं? मला वळणामुळं काही दिसेना. दावं एकदम ताठ झालं. मला वाटलं, वा, काय पीळ बसलाय!

मग मीच निघाले. पुढं! चाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंड पुढं करून धावत होते, हातात फिरकी, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं!

गिरणीतून रशीदभाई ओरडले, "मावशी, सोडा ना रस्सी! कायकू पकडलात?"

"पीळ सुटंल की, भाई!"

"अहो, जीव सुटंल!"

नशीब, बोळातले खड्डे. गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती. वळणावर जुना दगडी खांब आला, आणि मी दाव्याचे दोन वेढे त्याला मारून टाकले. गाडी थांबली. घूं घूं करी, धुरळा उडवी, पण हलेना. ड्रायव्हर खाली उतरला. "मॅडम, इंजनात कायतर बिघाड हाय!"

मॅडमनी मागं पाहिलं. कडी, दावं, खांब आणि खांबाला टेकून धापा टाकणारी मी.

मीरा पळत आली. तिचा चेहरा पाहिला आणि मनात म्हटलं, केलंस म्हातारे! पोरीला उसाच्या फडात धाडलंस स्वतःच्या हातानं! मला राणी दिसायला लागली, आईच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली.

मॅडम दाव्यावरून बोट फिरवत होत्या. "आजी, हे तुटलं कसं नाही?"

मीरा पुढं झाली, घाम पुसला आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, पिशवीला ह्योच बंद हाय. तीन पदरी, आत्यांनीच वळलेला. तुमी वजनाचं विचारलं नव्हतं का? म्हणून त्यांनी दाखवलं."

मॅडम एवढ्या हसल्या की खांबाला धरून उभ्या राहिल्या. मग घरी आल्या, दोन कप चहा प्याल्या आणि आहेत त्या सगळ्या पिशव्या घेऊन गेल्या. दर महिन्याला हव्यात म्हणाल्या. दसरा झाला, दिलीपचा कोयता भिंतीलाच राहिला. आता तो घायपात ठेचतो आणि राणी रोज आईच्या कुशीत झोपते. पोरीचं तोंड बघितलं, की मी मीराला मनातल्या मनात हात जोडते. तोंडावर म्हणत नाही, डोक्यावर बसंल!

ती मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "आमच्या आत्या पिशवीचा प्रत्येक बंद गाडीला लावून तपासतात." मी गंभीर मान हलवते. काय सांगू, की तपासलं-बिपासलं काही नव्हतं, म्हातारीला नुसतं हातातलं सोडायचं सुचलं नव्हतं!

तर शैले, ये आता लवकर. तुझ्यासाठी पिशवी काढून ठेवलीय, ट्रंकेतलीच. गाडी लिंबाखालीच लाव. पण चहा घेतल्याशिवाय निघालीस, तर जरा हळू चालव. गुडघे पहिल्यासारखे राहिले नाहीत, आणि टोक सोडायची अक्कल अजून आलेली नाही.