बंद घरातला अर्धा अँपिअर

तापलेल्या टिनाचा वास आला की मला समुद्रपूरचं मावशीचं घर आठवतं. आयटीआयत शिकत असताना मी तिथे विजेचा प्रवाह मोजायचा नवा मीटर लावून बघत होते. दिवे-पंखे सगळे बंद, तरी मेन स्विचपाशी अर्धा अँपिअर. दाब दोनशे तीस व्होल्ट. म्हणजे रोध चारशे साठ ओहम, शक्ती एकशे पंधरा वॅट. भरदुपारी त्या निःशब्द घरात कोणीतरी वीज पीत होतं.

"मावशी, काही सुरू हाय का?"

"नाई वं, काऊन?" ती ओले कपडे घेऊन टिनाच्या भिंतीला बांधलेल्या तारेकडे निघाली होती.

"हात नको लावू!" मी मेन बंद केला.

छपराखाली वायर घासून टिनाला टेकली होती; वीज भिंतीत, कपड्यांच्या तारेत उतरून जमिनीत जात होती. तेव्हा गणित जमल्याचा आनंद झाला. आता फक्त तारेजवळ थबकलेला मावशीचा ओला हात दिसतो.