उधव्याच्या बाजारातला जज

चहा आधी संपवा. मग सांगतो, भरबाजारात मी माझ्याच हाताने माझं नाक कसं कापून घेतलं ते. मध्येच हसलात तर चहा माझ्या अंगावर उडेल, आणि मला राग लवकर येतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

पालघर जिल्हा तेव्हा नवीन झाला होता. जिल्हा आला, पण मोठ्या दाव्यासाठी ठाण्याची फेरी काही सुटली नाही. उजाडायच्या आत निघायचं, दिवसभर बाकड्यावर बसायचं, आणि शेवटी मिळतं काय? तारीख! म्हणून डहाणू-तलासरीतल्या मच्छीमारांच्या, शेतकऱ्यांच्या, बायकांच्या मंडळांनी मिळून एक समिती काढली. कोर्ट जवळ आणा, दावे लवकर संपवा, एवढंच मागणं. न्यायाचा विचार काय मुंबईतच करायचा? आमच्याकडे माणसं भांडत नाहीत?

मी धाकटी डहाणूचा नथू. शाळा मी बाहेरूनच जास्त बघितली. पण आवाज असा, की खाडीच्या या काठाला ओरडलो तर त्या काठाचा कुत्रा भुंकतो. समितीची सुशीला, तलासरीची पोरगी, एक दिवस दारात उभी.

"नथूकाका, उधव्याच्या बाजारात नाटक करतोय. तुम्ही जज व्हा."

"मला पाठ होत नाही काही."

"एकच वाक्य आहे. कुणी काही बोललं की हातोडा आपटायचा आणि बोलायचं, पुढची तारीख!"

"मग मीच कशाला?"

"चेहरा बघा ना तुमचा. आधीच सगळ्यांवर रागावलेला."

खरं बोलली, म्हणून तयार झालो.

बाजाराच्या दिवशी एका वकिलाचा काळा कोट मला घातला. खाली माझी लुंगीच! ती दिसू नये म्हणून टेबलाला चादर लावली. हातोडा माझ्या होडीच्या कामातला. बसलो ऐटीत.

सुशीला म्हातारी होऊन पुढे आली. "साहेब, भाऊबंदाने बांध सरकवला. माझं शेत खाल्लं!" आणि अशी रडली, अशी रडली, की मी विसरलोच नाटक आहे ते.

"बांध मागे घ्यायला लावा त्याला!" मी गरजलो. "आजच्या आज! दुसऱ्याच्या जागेत हातभर सरकतो तो चोरच!"

टाळ्या! सुशीला पदराआडून कुजबुजली, "काका, तारीख द्या, तारीख!"

"कशाला? सरळ तर आहे सगळं!"

झालं. बाजाराला वाटलं, खरंच कोर्ट आलं गावात. एका माणसाने दुसऱ्याला शर्टाला धरून आणलं. "साहेब, याची शेळी माझा वाल खाऊन गेली."

"आठवडाभर शेळीचं दूध याच्या घरी," मी हातोडा आपटला. "बराबर ने?"

"बराबर, साहेब!"

मग लोकांनी ताडीवाल्या देवजीला ढकलत आणलं. ताडीत पाणी घालतो म्हणे. मी हुकूम सोडला, "आजची सगळी ताडी फुकट वाटा!" देवजी भडकला. "हा कसला जज? जज असा लगेच निकाल देतो काय? खोटा हाय हा!"

पण त्याचं ऐकतो कोण? फुकटची ताडी प्यायलेली माणसं माझ्या बाजूने होती. रांग वाढत होती, माझी छाती फुगत होती, कोटाचं एक बटण तर उडालंच.

आणि रांगेत, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन, जमना! माझी शेजारीण. ही बया दरवेळी आशागडच्या बाजाराला बसते, आजच उधव्याला कशी कडमडली?

"साहेब," टोपली उतरवून ती बोलली. साहेब! मला! "माझा शेजारी बोंबील वाळवायच्या काठ्या दरसाल माझ्या अंगणात सरकवतो. अंगण माझं, बोंबील त्याचे. माझ्या बोंबलांना ऊनच मिळत नाही. घरात दुसरा कमावता नाही. मी काय विकू?"

गर्दी खवळली. "कोण तो? नाव सांग, मावशी!" "आणा त्याला इथे!" "साहेब, सोडू नका हं!"

जमना नाव सांगेना. नुसती माझ्याकडे बघत राहिली. कोटाच्या आत मी बोंबलासारखा ओला झालो. मघाशी चोर कुणाला बोललो होतो मी?

शेवटी हातोडा आपटला आणि...

"पुढची तारीख!"

सुशीलाने आनंदाने टाळी वाजवली. बिचारीला वाटलं, काकांना वाक्य आठवलं! गर्दी मात्र गार पडली. तेवढ्यात मागून देवजी ओरडला, "आता पटलं! जज खराच हाय!"

सगळा बाजार हसला. मी उठून पळायला गेलो, तर लुंगी चादरीत अडकली. पुढचं विचारू नका.

परतीच्या टेम्पोत जमना समोरच बसलेली. उतरताना टोपली उचलत बोलली, "काठ्या काढतोस, नथूभाऊ, का अपील करतोस?"

सकाळी काठ्या उपटल्या, मागे आणून रोवल्या. वर तिच्या अंगणाचा कचराही झाडून दिला. जमनाने मूठभर बोंबील माझ्या बायकोकडे दिले, "कोर्टाच्या शिपायाला द्या" सांगून.

पुढच्या नाटकाला मी सुशीलाला स्वतःहून बोललो, "जज नको बाई, दुसरं काहीतरी दे."

"जमनामावशी भेटली होती मला. ठरलंय, काका," ती बोलली. "बांध सरकवणारा भाऊबंद तुम्ही. तुम्हाला पाठही करावं लागणार नाही."